आतून कोण उघडणार

प्रिन्सी : "तुला हे सांगितलं कोणी?" बस, एवढंच विचारायचं होतं त्या एआयला. वर्गातल्या किंजल नि भाविका म्हणाल्या, तुझी हिंमत नाही. विचारलं मी! शेजारच्या रोझीआंटीच्या फोनवरून!

मम्मी : तिचं नाव नको काढू, मला म्हावरं कापू दे. वादळात गल्लीत पानी चढलं, मी तिला न्यायला गेले, हात सुजेपर्यंत दार ठोकलं. बाय आत गप्प!

प्रिन्सी : तिने ऐकलं होतं, मम्मी.

मम्मी : घ्या! ऐकलं का, युजीन?

डॅडी : पोरीला बोलू तर दे, जीना.

प्रिन्सी : तिच्या मुलाने, ग्लेनदादाने, कॅनडातून बजावलेलं, फोन सांगेल तसंच कर. आणि फोन म्हणाला, आतल्या खोलीत बस, अधिकृत सूचना येईपर्यंत दार उघडू नकोस. बसली बिचारी. खाटेवर, खाली पाणी.

डॅडी : आनि फोनला कोनी सांगितलं?

प्रिन्सी : तेच तर! परदेशातलं कुठलंतरी अग्निशमन दल, आणि एक वादळासाठीच्या टॉर्च-बॅगा विकणारं दुकान! म्हटलं, आमच्या पाचूबंदरचं कोणी का नाही? तर म्हणतो, तिथलं लिहिलेलं फारसं सापडलं नाही, म्हणून जे सापडलं त्यातलं घेतलं.

डॅडी : बरोबर हाय त्याचं. भरतीचं पानी गल्लीत शिरलं की आधी घर सोडायचं, हे आपन लिवतो कुठे? ओरडून सांगतो.

मम्मी : मी काय कमी ओरडले? बरं, मागाहून तरी सांगायचं तिनं. भिंतीला भिंत लागून ऱ्हाते.

प्रिन्सी : कधी सांगणार? तू तर चर्चमध्ये बाकसुद्धा बदललास. मम्मी, मी फोनमधलं तिचं जुनं बोलणं वाचलं. वारा कसाय, भरती किती, सगळं त्यालाच विचारते. आणि रोज शेवटी एकच ओळ. आंटी त्याला गुड नाइट म्हणते.

(मम्मीची विळी थांबते.)

डॅडी : मग? आता काय खूळ घेतलंस डोक्यात?

प्रिन्सी : विचारत नाहीये हां, सांगतेय. आजपासून मी रोझीआंटीकडे झोपणार.

मम्मी : आनि परत तसं पानी आलं तर?

प्रिन्सी : तू ये ना दार ठोकायला. आतून मी उघडेन.