एक हेल्मेट, दोन टोकं

(कोल्हापुरातलं एक मैदान. मुलींची सेमीफायनल, शेवटची ओव्हर. बॅटिंग करणाऱ्या दोघी पिचच्या मधोमध. हेल्मेट एकच.)

संयोगिता : अगं, वेणी आधी आत घाल माझी, मग बक्कल लाव! केस ओढायलीस!

शिवलीला : हलत राहिलीस तर कसं लावू? हनुवटी वर कर. अजून वर. हां.

संयोगिता : आतनं वास कसला येतोय गं! तुझं खोबरेल, माझा घाम, आणि सकाळी कुरुंदवाडच्या आख्ख्या टीमनं घातलं होतं ते वेगळंच.

शिवलीला : त्यांच्याकडं एकपण हेल्मेट नव्हतं. मग काय उघड्या डोक्यानं खेळवायचं होतं त्यांना?

संयोगिता : मी कुठं तसं म्हणाले? नुसतं वासाचं बोलले. हेल्मेट द्यायला पहिली मीच तर पळत गेलते.

पिराजी : पोरींनो, झालं का न्हाय? मॅच खेळायला आलाय का लग्नाला निघालाय?

संयोगिता : झालंच, पिराजीकाका! बक्कल अडकतंय हो.

पिराजी : दर एक धावंला तुमचं हेच चाललंय. हिनं काढायचं, तिनं घालायचं. मागनं मोठ्यांची मॅच हाय आणि उजेड चाललाय. अंपायर म्हणून सांगतो, ही वॉर्निंग. आता परत वेळ काढलासा तर तुमच्या पाच धावा कापणार.

संयोगिता : पाच? आवं काका, सकाळी कुरुंदवाडच्या पोरींनीबी असंच बदललं की! त्यांच्या कुठं कापल्या?

पिराजी : तवा ऊन होतं. आणि नियम कमिटीचा हाय, माझ्या घरचा न्हाय. तुमच्या त्या राजवीरला सांगायचं, कोच झालायस तर दुसरं हेल्मेट आण म्हणून.

शिवलीला : मागवलं होतं, काका. पार्सल उघडलं तर बारक्या पोरांच्या मापाचं निघालं. परत पाठवलंय.

पिराजी : मग मी काय माझं डोकं काढून देऊ? चला, जागेवर.

संयोगिता : शिवलीला, ऐक. सहा धावा पायजेत, चार बॉल हायत. आता एक धाव काढायचीच न्हाय. दोन काढायच्या, न्हायतर चौकार. म्हणजे हेल्मेट बदलायला नको. मीच घालते, मीच मारते!

शिवलीला : सगळं तूच करणार.

संयोगिता : मग कॅप्टन कोण हाय?

शिवलीला : कालपास्नं तू.

संयोगिता : कालपास्नं असली तरी कॅप्टन ती कॅप्टन!

शिवलीला : कॅप्टन, रुद्राणी काय टाकायलीय बघितलंस का? मघाचा माझ्या कानाजवळनं गेला.

संयोगिता : बघितला की! काय बॉल होता गं! मॅटवर आपटला आणि सण्णकन वर! आपल्या विरुद्ध होता म्हणून, न्हायतर मी टाळ्याच वाजवणार होते.

शिवलीला : हं.

संयोगिता : ...मी पण ना. काय बोलते ते बोलल्यावर कळतं मला.

शिवलीला : असू दे. एक काम कर. माझे आप्पा काय करतायत बघ. मी बघत न्हाय.

संयोगिता : लिंबाखाली मोटारसायकलवर बसल्यात.

शिवलीला : तोंड कुठं हाय?

संयोगिता : रस्त्याकडं.

शिवलीला : मी स्ट्राइकला होते तवापण?

संयोगिता : तवापण. म्हणजे मी काय सारखी बघत नव्हते...

शिवलीला : स्पर्धा संपेस्तवर खेळ म्हणाल्यात. संपली की बॅट माळ्यावर. अण्णाची, माझ्या भावाची ठेवलीय, तिच्याच शेजारी. आज हरलो तर आजच संपली.

संयोगिता : आणि जिंकलो तर रविवारी फायनल!

शिवलीला : फायनलला मी त्यांना अव्वाला घेऊन यायला सांगणार हाय. आईबापांनी एकदा नीट बघितलं ना मला खेळताना, मग म्हणणार न्हाईत बॅट ठेव म्हणून. पण त्यासाठी आधी रविवार यायला पायजे, संयोगिता.

संयोगिता : येणार! रविवार येणारच! तू बघच आता.

पिराजी : अगं ए, पिचवर संसार मांडलाय काय?

संयोगिता : आले, आले!

शिवलीला : बघून मार. हवेत न्हाय.

संयोगिता : पळ! दोन हायत! दोन, दोन, दोन!

शिवलीला : आले! तू बॅट टेकव!

संयोगिता : टेकवली! बघितलंस? कशी सरकवली मधनं! चारच राहिल्या!

शिवलीला : ओरडू नको. श्वास घे आधी.

रुद्राणी : पिराजीकाका, मॅट बघा की जरा. तिथली कड उचलली गेलीय. खालचा खडापण वर आलाय. मी पुढं टाकायला जाते आणि तिथं पडला की उडतोय.

पिराजी : आता तीन बॉलसाठी खिळे ठोकत बसू? उडू दे. बोलर हायस न्हवं तू? बोलरला तर बरंच हाय की.

रुद्राणी : बाउन्सर मी माझ्या मनानं टाकला तर बरं हाय, काका. हा माझ्या मनानं जात न्हाय.

पिराजी : टाक, टाक. उजेड बघ.

संयोगिता : रुद्राणी, टाक गं! मी घातलंय हेल्मेट! ये!

शिवलीला : संयोगिता, दोन काढायच्या, ध्यानात हाय ना?

संयोगिता : हाय, हाय... पळ! गेला, गेला, पळ!

शिवलीला : दोन म्हणालीस की!

संयोगिता : दोनच... न्हाय, थांब! अडवला तिनं! थांब तिकडंच, परत येऊ नको, आउट होशील!

शिवलीला : एकच झाली.

संयोगिता : शी! चौकारच होता गं तो! कसली चपळ हाय ती बघ! तीन राहिल्या आता. दोन बॉल.

शिवलीला : आणि मी स्ट्राइकला.

संयोगिता : माईकवर काय बोलायलाय तो येडा?

शिवलीला : म्हणतोय, आता मैदानात फेटा बांधायचा कार्यक्रम होईल, मंडळींनी अक्षता घेऊन तयार राहावं.

संयोगिता : हसायल्यात सगळे.

पिराजी : पोरींनो, जागेवरच. बदलायला निघालासा तर पाच गेल्या म्हणून समजा. मी एकदा सांगितलंय.

शिवलीला : न्हाय बदलत, काका.

संयोगिता : शिवलीला?

शिवलीला : तू तिथंच थांब. पाच कापल्या तर आठ होतील. मग कुठला रविवार?

संयोगिता : अगं, पण डोकं...

शिवलीला : राहू दे गं. दोनच बॉल हायत.

संयोगिता : काय म्हणालीस?

शिवलीला : दोनच बॉल हायत म्हणाले. रुद्राणी, टाक!

पिराजी : टाक पोरी. खेळ सुरू.

संयोगिता : थांब! रुद्राणी, थांब! मी मधे आलेय, टाकू नको!

रुद्राणी : मी थांबलेच हाय. धावत आले आणि तिचे केस दिसले मला.

पिराजी : ए संयोगिता! पिचवर कुठं निघालीस? पाच जातील, पाच!

संयोगिता : जाऊ देत!

शिवलीला : वेड लागलंय काय तुला? फिर मागं! अजून फिरलीस तर काका कापणार न्हाईत!

संयोगिता : न्हाय फिरत. धर बॅट माझी. हे बक्कल... निघतच न्हाय.

शिवलीला : माझं डोकं हाय. मी ठरवते.

संयोगिता : डोकं तुझं हाय, पण हेल्मेट माझ्या डोक्यावर हाय की!

शिवलीला : मग?

संयोगिता : मग तिकडच्या टोकाला मी काय म्हणून घालून उभी होते? तिकडं कोण टाकतंय मला बॉल? मी मस्त हेल्मेट घालून उभी आणि तू इकडं अशी. मी बघत होते, शिवलीला. रुद्राणी धावायला लागली आणि मी नुसती बघत होते.

शिवलीला : हळू बोल.

संयोगिता : तू जे म्हणालीस ना आत्ता, दोनच बॉल हायत, तसंच म्हणाला होता तो. तुझा अण्णा.

शिवलीला : तुला काय म्हाईत? जत्रंच्या मॅचला तू नव्हतीस. मीपण नव्हते.

संयोगिता : राजवीरदादा होता. दुसऱ्या टोकाला. हे हेल्मेट मला देताना सांगितलं त्यानं. एक धाव पळाले दोघं, दादानं हेल्मेट काढायला हात लावला, तर लोक ओरडायला लागले, लवकर, लवकर. तुझा शिवशरण अण्णा म्हणाला, राहू दे रे, दोनच बॉल हायत. दादा म्हणाला, मी ऐकलं त्याचं. एवढंच म्हणाला. मी ऐकलं त्याचं.

शिवलीला : हेच हेल्मेट?

संयोगिता : हेच.

शिवलीला : ...मला कुणी सांगितलं न्हाय.

संयोगिता : अण्णा गेला तवा, ज्यानं तो बॉल टाकला त्याच्या घरी सगळं गाव गेलतं समजूत घालायला. तुझा काय दोष न्हाय बाबा, मॅच हाय, बॉल उडाला, डोक्यात बसला. बरोबरच हाय ते. पण राजवीरदादाकडं कोण गेलं? सगळे म्हणाले, ह्याला कुठं काय लागलंय! शिवलीला, मला त्याच्यासारखं व्हायचं न्हाय. मला नुसतं जिंकायचं होतं गं, लई जिंकायचं होतं.

पिराजी : पोरींनो...

संयोगिता : कापा काका. आम्ही वेळ घालवलाय. कापा.

पिराजी : नियम हाय. मला कापायला लागणार.

संयोगिता : कापा म्हणाले की.

पिराजी : स्कोररला खूण केलीय. आठ पायजेत, दोन बॉल.

शिवलीला : हेल्मेट काढ.

संयोगिता : काय?

शिवलीला : काढ म्हणतेय. बक्कल तुला जमत न्हाय. हनुवटी वर कर.

संयोगिता : तू रागावलीयस माझ्यावर.

शिवलीला : व्हय. लई. हात खाली घे.

संयोगिता : दोन चौकार मारले तर आठ होत्यात.

शिवलीला : गणित येतंय मला.

संयोगिता : न्हाय, मी नुसतं सांगितलं.

शिवलीला : माझी वेणी आत घाल आता. सगळी. आणि सावकाश. कापून झाल्यात, आता घाई कशाला करतेस?

पिराजी : ए माईकवाल्या! बंद कर रं ते तुझं! एक मिनिट गप बस!

संयोगिता : गप झाला.

शिवलीला : राजवीरदादा कुठं हाय?

संयोगिता : दोरीपाशी. खाली बसलाय, गुडघ्यात डोकं घालून.

शिवलीला : हात वर करून दाखव त्याला. घातलं म्हणून.

संयोगिता : दाखवला. बघितलं त्यानं. उठतोय.

शिवलीला : आणि आप्पा? परत बघ एकदा.

संयोगिता : थांब... शिवलीला.

शिवलीला : काय? गेले?

संयोगिता : न्हाय गं. गाडीवरनं उतरल्यात. उभे हायत.

शिवलीला : तोंड?

संयोगिता : हिकडं.

शिवलीला : खोटं बोलू नको.

संयोगिता : अण्णाशप्पत. स्वतः बघ.

शिवलीला : ...नको. मला आता बॉल बघायचाय. जा तू तुझ्या टोकाला.

संयोगिता : मी बिनहेल्मेटची तिकडं उभी राहते. कसलं बरं वाटायलंय!

शिवलीला : सरळ आला तर मी जोरात मारणार. तू डोकं सांभाळ. बाजूला सरकून उभी राहा.

संयोगिता : राहते. तुला जिंकायचंय अजून, व्हय की न्हाय?

शिवलीला : जा म्हणाले ना.

पिराजी : रुद्राणी, थांब जरा. मॅटची कड तेवढी ठोकून घेतो.

रुद्राणी : उजेड, काका?

पिराजी : हाय तेवढा. ...हां. बसला खिळा. खडापण काढला. आता टाक. आणि ऐक पोरी, तिला वाईट वाटंल म्हणून हळू टाकू नको.

रुद्राणी : हळू मला येतच न्हाय.

शिवलीला : मलापण नको हाय.

रुद्राणी : शिवलीला! घातलंस काय गं?

शिवलीला : घातलं!

रुद्राणी : बक्कल?

शिवलीला : लावलं.

रुद्राणी : मग येते.