आई झोपलीय

शिंपीणबाई : झोपलीय, झोपलीय! परवा दुपारी आले तेव्हा झोपलेली, काल आले तेव्हा झोपलेली, आज सकाळी सकाळी आले तरी झोपलेलीच. माणूस आहे का अजगर?

लेक : मावशी, हळू. जिन्यात आवाज घुमतो.

शिंपीणबाई : घुमू दे! ऐकू दे सगळ्यांना. महिना होत आला, आईंचं तोंड पाहिलं नाही कुणी. तू जरा बाजूला हो, मी नुसती डोकावते आणि जाते.

लेक : नाही.

शिंपीणबाई : नाही? अगं, एवढीशी होतीस तेव्हापासून तुझे फ्रॉक मी शिवलेत. मला नाही म्हणतेस?

लेक : फ्रॉक छान होते. तरी नाही.

शिंपीणबाई : बघा, जीभ कशी चालते! डॉक्टर काय म्हणाले ते तरी सांग.

लेक : विश्रांती घ्या म्हणाले.

शिंपीणबाई : विश्रांती म्हणजे कोंडून ठेवणं का? आयुष्यभर ती बाई कोपऱ्यावरच्या टपरीत उभी राहून लोकांच्या कपड्यांना इस्त्री करत आली. अख्खी गल्ली तिच्यासमोर रडली. शर्ट टाकायला जायचं आणि मन मोकळं करून यायचं. माझा नवरा गेला तेव्हा मी कुणाकडे धावले? तिच्याकडे. बेकरीवाले दोघे भाऊ एकमेकांच्या जिवावर उठले होते, त्यांना एका बाकावर कुणी बसवलं? तिनं. कंपाउंडरची बायको बॅग भरून निघाली होती, तिला कोपऱ्यावरून मागे कुणी फिरवलं? अशी बाई आत, आणि दारात तू, पोलिसासारखी!

लेक : मला टपरी उघडायला उशीर होतोय, मावशी.

शिंपीणबाई : उघड, उघड. कोण येणार आहे? तुझ्याकडे कपडे कमी का झालेत माहितीये? लोक मुद्दाम पलीकडच्या रस्त्यावर जातात. म्हणतात, जन्मदात्या आईला डांबणारी पोरगी, तिच्या हातची इस्त्री नको.

लेक : कोण म्हणतं?

शिंपीणबाई : नावं नाही घेणार मी.

लेक : एक तरी घ्या.

शिंपीणबाई : मी म्हणते! झालं समाधान? मीच म्हणते. आणि खोटं असेल तर सांग ना तोंडानं. भांडलात का दोघी? खायला देतेस ना तिला वेळच्या वेळी? तू अशी मख्खासारखी उभी राहतेस म्हणून लोक बोलतात.

लेक : बोलू दे.

शिंपीणबाई : हे असं! अगं पोरी... बरं, ऐक. मी भांडायला नव्हते आले. माझं काम होतं आईंकडे.

लेक : सगळ्यांचंच असतं.

शिंपीणबाई : टोमणा नको मारूस. माझी पोरगी माझा फोन उचलत नाही. मी तिच्या नवऱ्याबद्दल काहीतरी बोलले, बोलायला नको होतं, पण गेलं तोंडातून. तेव्हापासून बंद. आईंनी एक फोन केला ना, तर उचलेल ती. आईंचं ऐकते ती. लहानपणी माझ्याशी भांडली की त्या टपरीतच जाऊन बसायची, कपड्यांच्या गठ्ठ्यावर. एक फोन, बस. मी आईंना जास्त बोलायला लावणार नाही.

लेक : नाही जमणार, मावशी. खरंच नाही.

शिंपीणबाई : दगड आहेस तू. मग मीही सांगून ठेवते. आज दुकानं बंद झाली की आम्ही सगळे येणार. मी, बेकरीवाले, कंपाउंडर, दूधवाली, सगळे. आईंना डोळ्यांनी बघितल्याशिवाय हलणार नाही. आणि तुला जाब द्यावा लागेल सगळ्यांसमोर.

लेक : या.

शिंपीणबाई : येणारच!

आई : गेली का?

लेक : गेली. डोळे उघड आता, नाटक पुरे.

आई : फार बोलली तुला.

लेक : ऐकलंस ना सगळं? छान. मग मला परत सांगायला नको.

आई : चहा ठेवतेस का जरा?

लेक : नाही ठेवत.

आई : बरं.

लेक : बरं काय? आई, मी थकले. महिनाभर तुझ्यापायी खोटं बोलतेय. झोपलीय, आत्ताच डोळा लागलाय, औषध घेतलंय, डॉक्टरांनी मनाई केलीय. आता नवीन थापाही सुचत नाहीत. काल दूधवालीनं माझ्या हातात पिशवी दिली नाही, पायरीवर ठेवून गेली. डांबणारी म्हणे! दाराला कडी तू लावायला सांगितलीस आणि कैदाशीण मी.

आई : मीच सांगितली.

लेक : मग त्यांना सांग तसं. एकदा दारात ये आणि म्हण, मला कुणाला भेटायचं नाही. संपलं.

आई : ते नाही होत माझ्याच्यानं.

लेक : का?

आई : अगं, ज्यांनी माझ्यासमोर पोटातलं काढून ठेवलं, त्यांना कसं सांगू की तुमचा कंटाळा आला? मग ती माणसं मागचं सगळं आठवत बसतील. तेव्हाही हिला कंटाळाच आला होता का, म्हणतील. त्यांचं होतं-नव्हतं तेही जाईल.

लेक : आणि मला शिव्या घातल्या तर चालतं.

आई : तू माझी आहेस. सोसशील, असं वाटलं.

लेक : वा! म्हणजे लोकांसाठी माया, आणि माझ्यासाठी सोसणं. लहानपणापासून हेच चाललंय. मी शाळेतून यायचे, तुझ्यासमोर कुणीतरी डोळे पुसत उभं. मला खुणेनं सांगायचीस, थांब. थांब, थांब करत मी मोठी झाले, आई. माझं लग्न मोडलं तेव्हासुद्धा मी तुला रात्री सांगितलं, कारण दिवसा तुझ्याकडे रांग होती. आणि तू ऐकता ऐकता झोपलीस.

आई : आठवतंय मला.

लेक : मी रागावले नव्हते. तुझे पाय सुजले होते, मी उशी दिली पायांखाली. पण आता नाही जमत. संध्याकाळी ते आले की मी दार उघडणार आणि बाजूला होणार. मग तू जाण आणि तुझी गल्ली जाणे.

आई : बस जरा इथे.

लेक : टपरी उघडायचीय.

आई : गिऱ्हाईक नाही म्हणाली ना ती. बस. तुलाही खरं सांगितलं नाही मी. पाय दुखतात म्हटलं, छाती भरून येते म्हटलं. ते आहेच. पण कडी त्यासाठी नाही लावली.

लेक : मग?

आई : बेकरीवाल्याची धाकटी सून आली होती बघ, शेवटची. तिचं मूल गेलं, पोटातच. माझा हात धरून रडत होती. आणि मी काय विचार करत होते सांगू? ही कधी उठेल. एवढंच. ही उठली की मला पडायला मिळेल. तिचा हात माझ्या हातात, आणि माझ्यात काही म्हणता काही हललं नाही. कोरडं ठाक. पूर्वी असं नव्हतं गं होत. दुसऱ्याचं ऐकून माझा घास अडायचा. मी घाबरले. म्हटलं, हे कुणाच्या लक्षात यायच्या आत दार लावून घ्यावं.

लेक : मला का नाही सांगितलंस?

आई : तुला वाटलं असतं, हिची माया संपली.

लेक : आई, इतकी वर्षं ऐकून कुणाचंही डोकं पिकेल. मला महिनाभर नुसतं दार सांभाळून जीव नको झाला. कोरडं ठाक होणार नाही तर काय होईल?

आई : तुझा राग गेला?

लेक : नाही गेला. चहा ठेवते.

आई : साखर घाल जरा जास्त.

लेक : मिळणार नाही.

(संध्याकाळ. जिन्यात पावलं, कुजबुज. दारावर थाप.)

शिंपीणबाई : उघड. बाकीचे खाली थांबलेत, मला एकटीला पाठवलंय पुढे. आता म्हण, झोपलीय!

लेक : जागी आहे. या आत.

शिंपीणबाई : अं?

लेक : या म्हटलं ना. चपला राहू द्या.

शिंपीणबाई : बाई गं... आई! केवढ्या वाळलात हो! बघितलंस का पोरी, काय केलंस आईंचं! आई, तुम्ही काही काळजी करू नका, आम्ही सगळे आहोत खाली. तुम्ही नुसतं सांगा, ही तुम्हाला...

आई : तिला काही बोलू नकोस. कडी मी लावायला सांगितली.

शिंपीणबाई : तुम्ही? आणि हिनं हूं की चूं केलं नाही?

आई : मीच तसं बजावलं होतं. दमले मी. माणसांना कंटाळले. तुम्हा सगळ्यांनाच.

शिंपीणबाई : आम्हाला? अहो, आम्ही काय केलं? आम्ही तर तुमच्यावर जीव टाकतो.

आई : टाकता ना. म्हणून तर बोलता येईना. वाईट वाटलं?

शिंपीणबाई : वाटलं की. का नाही वाटणार? मी इथे हक्कानं येत होते. मला वाटायचं, तुम्हालाही बरं वाटत असेल, कुणी आपलं म्हणून येतंय...

आई : वाटायचं. खोटं नाही सांगत. खूप वर्षं वाटायचं. आता ऐकून घ्यायला आत जागा उरली नाही. तू पोरीचं सांगायला आली होतीस सकाळी. मी ऐकलं आतून. आणि मला काही झालं नाही. तुझ्या पोरीला मी कपड्यांच्या गठ्ठ्यावर झोपवलंय, आणि काही झालं नाही.

शिंपीणबाई : असं नका बोलू. तुम्ही फोन नाही केलात तरी चालेल. पण मी काय करू, ते तरी सांगा. तेव्हा सांगितलं होतं तसं.

आई : तेव्हा काय सांगितलं होतं?

शिंपीणबाई : नवरा गेल्यावर सासरच्यांशी माझं वाजलं होतं, तेव्हा. तुम्ही इस्त्री बाजूला ठेवलीत, माझ्याकडे बघितलंत आणि म्हणालात, घरी जा, पोटभर जेव, झोप, आणि सकाळी आधी तू बोल. मी कधी विसरले नाही ते. माझ्यासाठी एवढा विचार करून कुणी काही सांगितलं नव्हतं.

आई : ते मी सगळ्यांना सांगायचे.

शिंपीणबाई : काय?

आई : तेच. घरी जा, जेव, झोप, सकाळी आधी तू बोल. दुसरं मला काय येत होतं? मी काय वकील आहे?

शिंपीणबाई : बेकरीवाल्यांनासुद्धा?

आई : दोघा भावांना. वेगवेगळं गाठून.

शिंपीणबाई : दोघांनाही सांगितलंत, आधी तू बोल?

आई : मग काय, सकाळी दोघेही एकदमच बोलले.

शिंपीणबाई : आणि कंपाउंडरची बायको?

आई : तिला म्हटलं, बॅग राहू दे माझ्याजवळ, जेवून ये. ती बॅग न्यायला परत आलीच नाही. आठवडाभर टपरीत अडगळ.

शिंपीणबाई : अगं आई गं! आणि ती बाई अजून कौतुकानं सांगते, आईंनी मला काय सांगितलं ते मी मरेपर्यंत कुणाला सांगणार नाही!

लेक : मावशी, हसताय का रडताय?

शिंपीणबाई : मलाच कळत नाहीये. पाणी दे जरा... म्हणजे मी करायचा फोन. आधी मी बोलायचं.

आई : मी काही सांगत नाहीये हो तुला.

शिंपीणबाई : नका सांगू. आणि उचलला नाही तिनं तर?

आई : मग माझ्याकडे येऊ नकोस. तिच्याकडे जा. गाडीत बस आणि जा.

शिंपीणबाई : बरं. खाली ते सगळे वाट बघतायत. त्यांना काय सांगू?

आई : आहे तेच सांग. आईला काही झालेलं नाही, थकलीय. भेटायचं नाही म्हणते. आणि पोरीनं डांबलेलं नाही, हे जरा जोरात सांग, दूधवालीला ऐकू जाईल असं.

शिंपीणबाई : ते मी सांगते. माझ्याच तोंडानं पसरवलंय, माझ्याच तोंडानं आवरते. पोरी, चुकलं माझं. उद्या चार ब्लाउज टाकते तुझ्याकडे.

लेक : सकाळी टाका. दुपारी ऊन लागतं टपरीत.

शिंपीणबाई : येते मी, आई.

आई : आणखी एक. ते आई म्हणणं जरा थांबवा. अख्खी गल्ली हाक मारते, आणि हाक आली की माझा जीव उठून उभा राहतो. शरीर उठत नाही.

शिंपीणबाई : मग काय म्हणायचं तुम्हाला?

आई : इस्त्रीवाली म्हणा. आधी तेच म्हणत होतात. वाईट नव्हतं ते.

शिंपीणबाई : जीभ वळायची नाही हो... पण सांगते. सांगते सगळ्यांना. पडा तुम्ही.

लेक : कडी लावू?

आई : नको, नुसतं लोटून घे.

लेक : मग मीही इस्त्रीवालीच म्हणू का?

आई : तू म्हण की आई. एकटीच म्हणणारी असली, तर जमेल मला.