दत्तूच्या गाडीचा बायपास

श्रीगोंद्याच्या आमच्या दत्तूची मिशी कशी गेली, ते चहा संपेपर्यंत सांगतो. मेव्हण्याच्या नव्या गाडीशी माळावर शर्यत ठरली. हरेल त्याची मिशी जाणार. दत्तूची गाडी जुनी, कार्बोरेटरवाली. म्हणून त्यानं पेट्रोल ओढायला मोठा इलेक्ट्रिक पंप बसवला. त्याचं प्रेशर इतकं, की कार्बोरेटर भरून वाहायलाच लागला.

दत्तूचे वडील, अण्णा, ठिबकवर ऊस करणारे. म्हणाले, “प्रेशर लई झालं की आमी बायपास काढतो. जादाचं दुसऱ्या नळीनं काढून द्यायचं. सरक बाजूला, मी लावतो.”

त्यांनी लावला, शर्यतीला स्वतः शेजारी बसले आणि गाडी अशी सुटली, की माळावरच्या शेळ्या दुसऱ्या दिवशी सापडल्या. मेव्हणा धुळीत दिसेना. पण शेवटच्या बाभळीपाशी दत्तूची गाडी गचके खाऊन बंद पडली. टाकी कोरडी. मेव्हणा हात हलवत पुढं गेला.

दत्तूनं डिकी उघडली, तर बायपासची नळी एका कॅनमध्ये, आणि कॅन पेट्रोलनं काठोकाठ.

“अण्णा, ही नळी परत टाकीत सोडायची हुती ना? मिशी गेली माझी.”

“माज्या फवारणी पंपाचं तर भागलं,” अण्णा कॅनचं झाकण लावत म्हणाले. “मिशी परत उगवती. पेट्रोल उगवतं व्हय?”