त्यांनी फाडायचं, मी वेनी घालायची

माजं नाव महादेवी. माहेर अक्कलकोटच्या पल्याड, पार कर्नाटकाच्या शिवेवर, एवढंसं गाव. तितं घरात समदे कन्नडच बोलायचे, मराठी मी लग्नानंतर सोलापुरात शिकले, म्हनून अजून बी मदीच एखादा शब्द तिकडचा येतो, तुमी समजून घ्या ताई. माजी अव्वा, म्हंजी आई, कौद्या शिवायची. कौदी म्हंजी तुमची वाकळ की, जुन्या लुगड्यांची. गावात कुनाच्या घरी बाळंतपन असलं की बाया जुनी लुगडी घिऊन अव्वाकडं यायच्या, आन् मी तिच्याजवळ बसून सुईत दोरा ओवून द्यायची. शाळा व्हती, पन वढ्याच्या पलीकडं, पोरीला कोन पाठवतंय तितं. जे काय शिकले ते अव्वाच्या मांडीपाशी बसून.

लग्न झालं आन् हितं भवानी पेठेत आले. आमचं मालक चादरीच्या कारखान्यात लूमवर व्हते. दिवसभर खटखट खटखट, शेजारचा काय बोलतोय ते ऐकू यायचं न्हाय, म्हनून घरी आले तरी मोठ्यानंच बोलायचे. नवीन नवीन शेजारच्यांना वाटायचं, ह्यांच्यात भांडन चाललंय. भांडन कसलं, चा टाक म्हनत असायचे! मानूस लई गरीब. पन हाताला चैन न्हाय. सुट्टीच्या दिवशी बी घरी चादरी आनून काठाच्या दशा वळत बसायचे. मी विड्या वळायची, ते दशा वळायचे, समोरासमोर बसून, तासन् तास, एक शब्द न बोलता. मला ते बरं वाटायचं, काय सांगू तुमाला, तेच आमचं सुख व्हतं म्हना की.

लेकरं दोन. थोरली सुवर्णा, तिला कुर्डुवाडीला दिली, जावई रेल्वेच्या वर्कशॉपमदी हाय. आन् धाकटा बसू. बसवराज नाव, पन बसूच म्हनायचो. शाळेचे ड्रेस शिवायच्या कारखान्यात कटिंगला व्हता. खिशाला कायम पेन, आन् ते पेन कायम गळकं, समद्या शर्टाच्या खिशाला निळा डाग. मी घासून घासून दमायची. आरं ते पेन फेकून दे की बाबा. तर म्हनायचा, अव्वा, डाग असला म्हंजी कारखान्यात शर्ट बदलत न्हाय, आपला आपल्याला वळखू येतो. असा हसरा. त्याला पोरगी बघितली व्हती, इजापूरकडची. बघायला जाताना निळ्या चौकड्यांचा नवीन शर्ट घातला, आन् त्याला बी डाग पाडून आला तितल्या तितं! पोरगी हसली म्हनं. पसंत पडली व्हती.

आन् मग तो कोरोना आला.

तुमी बघितलंयच की समदं, मी काय नवीन सांगू. ताप आला, दम लागला, गाडी आली, घिऊन गेली. जाताना त्यानं दारातनं हात केला आन् म्हनला, अव्वा, अप्पाला बाहेर जाऊ दिऊ नको. बास. ते शेवटचं. आमच्यात गेल्याल्या मानसाला आंघोळ घालून, कपाळाला इबूत लावून, मांडी घालून बसवत्यात आन् तसंच मातीत ठेवत्यात. बसूला ह्यातलं कायच झालं न्हाय. पिशवीत बांधून नेलं. तोंड बी बघू दिलं न्हाय, कुनालाच दिलं न्हाय तवा, एकट्या आमालाच न्हाय. मालक दवाखान्याच्या फाटकापाशी हुबे व्हते, तितनंच माघारी आले. मी भिताडाला डोस्कं आपटून रडले. ते रडले न्हाईत. दारात बसून ऱ्हायले. कारखाना उघडला तसं कामावर जायला लागले. लोक म्हनले, बापाचं काळीज घट्ट हाय. मला ठावं व्हतं, घट्ट न्हाय, ते त्यांच्या आत पोचलंच न्हाय.

पुढं मग हळूहळू इसरायला लागले. आदी लूमवर धागा तुटला तर बघत नुसतेच हुबे. मग पगाराच्या दिवशी रस्ता चुकले. कारखाना घरापासनं हाकेच्या अंतरावर, आन् मानूस सापडला कुटं, तर सात रस्त्याच्या चौकात, गाड्यांच्या मदोमद हुबा! एका रिक्षावाल्यानं वळखलं, आनून सोडलं. डाक्टर म्हनले, मेंदू सुकत चाललाय, ह्याला औषद न्हाय, सांभाळा. मग मराठी गेली त्यांच्या तोंडातनं. ल्हानपनीचं कन्नड तेवढं ऱ्हायलं. मला अव्वा म्हनायला लागले. बायकोला अव्वा! जेवू घाल अव्वा, म्हनायचे. मी घालायची. काय करनार.

आन् एक दिवस दिवाबत्तीच्या टायमाला दाराकडं बघून इचारलं, बसू बंदनेन? म्हंजी बसू आला का.

पयल्यांदा मी खरं सांगितलं. म्हनलं, बसू गेला वो, कोरोनात गेला. तर असे भडकले, कुनाची आई आपल्या लेकाला असं बोलती म्हनले, जीभ झडंल तुजी. आन् तसेच अनवानी भाईर पडले हुडकायला. गल्लीतल्या पोरांनी धरून आनलं. दुसऱ्या दिवशी परत, बसू बंदनेन? सुवर्णा आली व्हती, ती म्हनली, अव्वा, खरं सांगू नको गं, त्यांना बी तरास आन् तुला बी तरास. मग मी म्हनायला लागले, बर्तान. म्हंजी येतो. कामाला गेलाय, येतो. रोज संध्याकाळी तेच. बसू बंदनेन? बर्तान. आन् हे म्हनताना तोंड हसरं ठेवायचं, कारन मी रडले की ते घाबरायचे, कोन मेलं, कोन मेलं, म्हनून. तवा माज्याच घरात माज्या लेकासाटी रडायची चोरी झाली. बाथरूममदी नळ सोडून रडायची मी. ते बी नळाला पानी असलं तर.

त्याच दिवसात त्यांनी कापडं फाडायला सुरवात केली. जल्मभर हातात कापड, आता हात मोकळा, मग काय, पांगरायची चादर फाड, उशीचा आभ्रा फाड. अंगातला सदरा टरकन फाडला, पाव्हन्यांसमोर. मी हिसकावून घ्यायला गेले की रडायचे ल्हान पोरागत. शेजारी रजियाभाभी ऱ्हाती, काजबटनाचं काम करती, ती हे समदं बघायची. एक दिवस गाठोडं घिऊन आली. म्हनली, अम्मा, उनो फाडतैं तो फाडने देव ना. मना कायकू करतेव? पुराने कपडे देव उनकू, हात चलते रैंगे. गाठोड्यात तिच्या घरची जुनी कापडं, ओढन्या, परकर, समदं धुऊन घडी घालून आनल्यालं. बगा, कोन करतंय आजकाल एवढं.

आन् खरंच ताई, मानूस शांत झाला. मी कात्रीनं काठ तेवढा तोडून द्यायची, ते तितनं धरून लांब पट्टी फाडायचे. सरळ, अगदी सरळ. नाव इसरले, गाव इसरले, पन पट्टी वाकडी झाली न्हाय कवा. पट्ट्यांचा ढीग पडायला लागला. म्हनलं, एवढ्या चिंध्यांचं करायचं काय, मग मला वेनीचं बस्कर आठवलं. तीन पट्ट्या घ्यायच्या, पोरीच्या केसाची घालतो तशी वेनी घालायची, सपली की म्होरं दुसरी पट्टी जोडायची, आन् ती वेनी गोल गोल फिरवत दाभनानं शिवत जायचं. कौदीवानी बारीक काम न्हाय, कुनाला बी येतंय. वढून शिवलं तर मदी पोट सुटतं, सैल शिवलं तर कडा नाचत्यात, तेवढं बघायचं. मग त्यांनी फाडायचं, मी वेनी घालायची. समोरासमोर बसून, पयल्यासारखं. रजियाभाभीची हिरवी ओढनी, माजा लग्नातला परकर, सुवर्णाच्या शाळेचा ड्रेस, समदं त्यात गेलं. बस्कर ताटाएवढं झालं, परातीएवढं झालं.

बसूचे कपडे मी ट्रंकेत ठेवले व्हते, कुलपात. ते द्यायचे न्हाईत हे माजं ठरल्यालं. पन पावसाळा सरला की कसर लागू नये म्हनून वर्सातनं एकदा उन्हात घालायची. त्या दिवशी बाजेवर घातले आन् तेवढ्यात गल्लीत वरडा झाला, पानी आलं, पानी आलं. आता आमच्याकडं पानी कवा येतंय ह्याचा नेम न्हाय, ते सोडून चालतंय का? घागरी घिऊन पळाले. माघारी आले तर टर्र असा आवाज.

निळ्या चौकड्यांचा शर्ट, ताई. तोच. एक बाही मांडीवर पडल्याली, पाठ उभी फाटल्याली. माज्या हातातली घागर सुटली. मी वरडले, अशी वरडले की रजियाभाभी भिताडावरनं बघायला आली. तरी त्यांचे हात चालूच. फाडत फाडत पुढच्या भागाला आले, खिशापाशी आले, आन् थांबले. डागाकडं बघितलं. अंगठ्यानं घासला, मी घासायची तसा. मग खिशात हात घातला. रिकामाच खिसा. पन हात काढलाच न्हाय भाईर. असे बसून ऱ्हायले, लेकाच्या खिशात हात घालून.

आन् माज्याकडं वर बघून म्हनले, महादेवी.

किती दिसांनी माजं नाव घेतलं! अव्वा न्हाय, महादेवी. म्हनले, महादेवी, बसू होदनल्ल? म्हंजी, बसू गेला न्हवं?

बर्तान म्हनायचं तोंडात आलं व्हतं सवयीनं. पन त्यांचे डोळे बघितले आन् म्हनलं, व्हय, गेला. तसं त्यांचं तोंड असं वाकडं झालं, आन् रडले. कवाचं रडनं ते, कुटं आडून ऱ्हायलं व्हतं कुनास ठाऊक. मी जवळ जाऊन बसले, त्यांनी माजा हात धरला, आन् आमी दोघं रडलो. मोठ्यानं, चोरून न्हाय. मग एकेक इचारायला लागले. आंघोळ घातली का त्याला. इबूत लावली का. नीट मांडी घालून बसवलं का. मी म्हनलं, न्हाय वो, कायच करू दिलं न्हाय, तुमी बी फाटकात हुबे व्हता की. म्हनले, मी काय केलं मग? म्हनलं, तुमी घरी चालत आला. म्हनले, एकटं सोडून आलो त्याला. मी म्हनलं, समद्यांनीच सोडलं वो तवा, काय चालत न्हवतं कुनाचं. असं समदं बोललो. लेक गेल्यावर नवरा-बायकू जे बोलत्यात ते आमचं बोलायचं ऱ्हायलं व्हतं, ते त्या दिवशी झालं. रजियाभाभी दारात चा ठिऊन गेली, आत आली न्हाय.

मग त्यांनी डोळे पुसले, आन् ऱ्हायल्याला शर्ट हातात घिऊन फाडायला लागले. मी आडवलं न्हाय. पट्टी फाडायचे आन् माज्या हातात द्यायचे. मी वेनी घातली, आन् त्याच दिवशी शिवून टाकली.

तुमाला वाटंल, मग त्यांना आठवायला लागलं. न्हाय. दिवाबत्ती केली, दाराकडं बघितलं, आन् इचारलं, बसू बंदनेन? मी म्हनलं, बर्तान.

पन मला त्या दिवसापासनं जरा हलकं झालं. एकटी न्हवते मी. एक दुपार का व्हईना, बाप त्याच्यासाटी रडला, रीतीनं आंघोळ घातल्यासारखं वाटलं मला. सुवर्णा आली ती रागावली, अव्वा, गेल्याल्या मानसाचं कापड पायाखाली घालत्यात का गं, पाप लागंल. मी म्हनलं, पायाखाली कुटं, बापाच्या मांडीखाली हाय. मग भावाच्या पाठीवरनं फिरवावा तसा हात फिरवला तिनं बस्करावरनं.

त्याच्यावर बसायचे ते. त्याच्यावरच लघवी व्हायची, मग धुवायचं. भिजलं की लई जड व्हतंय, एकटीला पिळवत न्हाय, भाभी दुसऱ्या बाजूनं धरायची. आता धुऊन धुऊन समदे रंग एक झालेत. त्यातली बसूची वेनी कुटली, मला बी वळखू येत न्हाय. असू दे. कापड ते, किती टिकनार.

आता तर ते हातरुनालाच हाईत. फाडत न्हाईत, बोलत बी न्हाईत. संध्याकाळी मीच दाराकडं बघते, आज तरी इचारतील म्हनून. पयलं त्या इचारन्याला मी कावायची, आता वाटतं, एकदा इचारा. आमच्या घरात बसूचं नाव घेनारं तेवढंच एक तोंड व्हतं, ते बी बंद झालं. पन पानी पाजलं की गिळत्यात, हात हातात दिला की धरत्यात. तेवढं हाय. मी हाय तवर करीन, माज्या आदी त्यांना ने म्हनते देवाला, नायतर ह्यांचं कोन करनार?

तुमी एवढ्या लांबनं आला, ऐकून घेतलं, तुमची लेकरं-बाळं सुखात ऱ्हावू दे ताई. आता जरा हात लावता का? ह्या अंगावरनं त्या अंगावर वळवायचं हाय त्यांना, येळ झाली, न्हायतर पाठीला जखमा व्हत्यात. तुमी पायाकडनं धरा. हळू. मी खांदा धरते.