दोघांमध्ये फिरणारं पॅकेट

आई : थांब. चार वाक्यं झाली नाहीत तोवर तू तीनदा ‘प्रोटोकॉल’ म्हणालीस. मागच्या बाकावरचं पोर एव्हाना झोपलं.

ताई : अगं आई, प्रोटोकॉलला प्रोटोकॉलच म्हणतात!

आई : म्हणोत बापडे. पण म्हणजे काय? जन्मभर चौथीचा वर्ग सांभाळलाय मी. व्याख्या शेवटी द्यायची, आधी गोष्ट सांगायची. सोमवारी कॉलेजात पहिला तास घ्यायचाय ना तुला? मग मला विद्यार्थी समज नि नीट सांग. तेवढाच माझाही वेळ जाईल या दवाखान्यातल्या खाटेवर.

ताई : बरं. दोन कॉम्प्युटरांनी एकमेकांशी कसं बोलायचं, याचे ठरलेले नियम. आधी कोणी बोलायचं, ऐकलं हे कसं कळवायचं, असे.

आई : हां, आता कसं! पुढे.

ताई : निरोप मोठा असला की त्याचे तुकडे करतात. एकेक तुकडा म्हणजे पॅकेट. समोरच्याने ‘पोचलं’ असं कळवलं नाही, तर पाठवणारा तेच पॅकेट पुन्हा पाठवतो.

आई : पोचपावती! एवढं सोपं होतं तर मघाशी उगाच घाबरवलंस. जरा उशी वर घे गं. हळू, नळी ओढली जातेय.

ताई : दुखतंय का? नर्सला बोलावू?

आई : ते रोजचंच आहे. तू तास बुडवू नकोस.

ताई : वाटेत राउटर असतात. चौकात पत्ता सांगणारा माणूस असतो ना, तसे. त्यांना सगळी वाट ठाऊक नसते. या पत्त्याचं पॅकेट पुढे कोणाच्या हातात द्यायचं, एवढंच ठाऊक असतं.

आई : आणि पत्ता ओळखीचा नसला तर?

ताई : त्यासाठी एक वाट आधीच ठरवून ठेवलेली असते. तिला डिफॉल्ट रूट म्हणतात. ‘मला माहीत नाही, त्याच्याकडे जा’, असं.

आई : त्यालाही माहीत नसलं तर?

ताई : तो आणखी पुढच्याकडे पाठवतो.

आई : आणि त्याचा पुढचा म्हणजे हा पहिलाच निघाला तर?

ताई : वा! ही चूक नवी माणसं हमखास करतात. दोन राउटर, आणि दोघांचीही ठरलेली वाट एकमेकांकडे. मग ते पॅकेट याच्याकडून त्याच्याकडे, त्याच्याकडून परत याच्याकडे. नुसतं फिरत राहतं. आणि दोघंही आपापल्या जागी निवांत, आपण काम चोख केलं म्हणून.

आई : जन्मभर फिरतं?

ताई : नाही. पॅकेटवर एक आकडा असतो. प्रत्येक राउटर त्यातून एक वजा करतो. शून्य झाला की ज्याच्या हातात असेल तो ते टाकून देतो.

आई : संपलं बिचारं.

ताई : आई!

आई : मी कुठे काय म्हटलं? पॅकेटबद्दलच बोलतेय. ज्याने पाठवलं त्याला कळतं का हे?

ताई : सहसा कळतं. टाकून देणारा राउटर उलट निरोप धाडतो, तुझं पॅकेट वाटेतच संपलं म्हणून.

आई : बरे आहेत की तुमचे राउटर. सांगतात तरी. भाऊला फोन लाव.

ताई : आत्ता? तो ऑफिसात असेल.

आई : असू दे. लाव. आणि स्पीकरवर ठेव.

(ताई फोन लावते.)

भाऊ : हां ताई, बोल. आई कशी आहे?

आई : मीच बोलतेय. माझ्या तपासणीत काय निघालं रे?

भाऊ : आई! अगं, ते... डॉक्टर सगळं ताईशीच बोललेत. ती आहे ना तिथे? तिलाच विचार तू. मला आता मीटिंग आहे. संध्याकाळी येतो हं. काही आणू का?

आई : काही नको. ये सावकाश.

ताई : आई, त्याचं मनावर घेऊ नकोस. तो जरा गडबडीत...

आई : काल तुला विचारलं, तर तू म्हणालीस, भाऊला विचार, डॉक्टरांना तो भेटलाय. आठवडाभर हेच चाललंय. तुमच्या दोघांमध्ये येरझाऱ्या घालून दमले गं मी.

ताई : आम्ही ठरवून नाही केलं.

आई : माहितीये मला. मी रागावले नाहीये. पण पुढची इंजेक्शनं घ्यायची, की घरी जाऊन आपल्या खिडकीत बसायचं, हे मला ठरवायचंय. माझा आकडा किती उरलाय ते कळल्याशिवाय कसं ठरवू?

ताई : मला नाही गं जमत. तोंडच उघडत नाही.

आई : चौथीतल्या पोराला सांगतात तसं सांग. सोप्या शब्दांत.

ताई : सगळीकडे पसरलंय, आई. बरं नाही होणार. इंजेक्शनांनी थोडे दिवस वाढतील, पण त्रासही वाढेल. वर्ष निघणार नाही म्हणाले.

आई : भाऊ होता तेव्हा?

ताई : होता. दोघंही होतो. जिन्यात बसून रडलो, तोंडं धुतली आणि मग वर आलो तुझ्याकडे. आई? ऐकलंस ना?

आई : पोचलं, बाळा. आता भाऊला कळव, आईला पोचलं म्हणून. तो बिचारा त्या मीटिंगमध्ये कसा बसला असेल.