ढगाळ दिवसांची भरपाई

ती : दवाखान्याची फाईल नाही सापडली तुमच्या पिशवीत. हे सापडलं. रिकाम्या पुड्या, रबर लावून दहादहाचे गठ्ठे.

तो : पिशवी इकडे दे.

ती : प्रत्येकीवर तारीख, तुमच्याच अक्षरात. कचऱ्यावर तारीख घालणारा माणूस मी उभ्या जन्मात एकच पाहिला, आणि नेमकं त्याच्याशीच लग्न केलं.

तो : हळू बोल. लोक बघतायत.

ती : लोक त्या भिंतीवरच्या लाल आकड्याकडे बघतायत. अकरा लागलाय, आपला चौदा. किती आहेत या?

तो : एकाहत्तर.

ती : डॉक्टरांनी व्हिटॅमिन डीची पुडी आठवड्याला एक सांगितलीय. ती मी दर रविवारी स्वतः देते. मग या एकाहत्तर कुठून आल्या?

तो : त्या ढगाळ दिवसांच्या.

ती : मला कळेल असं बोला.

तो : रोज गच्चीवर अर्धा तास ऊन घ्यायचं ठरवलं होतं मी. यंदा ऊन आहे कुठे? वेधशाळेत एखादं निरीक्षण हुकलं तर आम्ही रकाना मोकळा सोडत नव्हतो. शेजारच्या केंद्राचा आकडा घेऊन भरायचो. तसंच. ऊन नाही, त्या दिवशी पुडी.

ती : आणि शेजारचं केंद्र म्हणजे औषधाचं दुकान.

तो : तीन दुकानं. एकाच ठिकाणी सारखं गेलं की विचारतात.

ती : विचारतील हे कळत होतं, म्हणजे चुकतंय हेही कळत होतं.

तो : ज्यांच्या रक्तात डी भरपूर, ते कॅन्सरचे रोगी जास्त जगलेले दिसतात. माझ्यासारखे आतड्याच्या कॅन्सरचे तर विशेष. मी वाचलंय.

ती : त्यावर डॉक्टरांनी पहिल्याच दिवशी तुमच्यासाठी अर्धा तास घालवला होता. ज्याच्या अंगात त्राण आहे तोच उन्हात फिरतो, म्हणून त्याचं डी चांगलं. ज्याला अंथरुणातून उठवत नाही त्याचं कमी. ऊन माणसाला वाचवतं, की वाचणारा माणूस उन्हात जातो, हे अजून नीट सुटं करता आलेलं नाही, म्हणाल्या. तुम्ही मान डोलावलीत. मला वाटलं पटलं.

तो : कमी असेल ते भरून काढा, असंही म्हणाल्या होत्या.

ती : भरून काढा म्हणाल्या. पूर आणा नाही म्हणाल्या.

तो : बारा लागला.

ती : महिनाभर तुम्हाला तहान, मळमळ, पोट साफ नाही. मी केमोच्या नावाने बोटं मोडत बसले. काल संध्याकाळी डॉक्टरांचा फोन. रक्तात कॅल्शियम फार वाढलंय, रोग हाडांत उतरला की असं वाढतं. स्कॅनमधला मणक्यावरचा डाग झिजेचा म्हणून सोडून दिला होता, तो आता रोगाचाच धरावा लागेल. आजची केमो थांबवू, मनाची तयारी ठेवा. मला एक सांगा. या पुड्यांनी कॅल्शियम वाढतं?

तो : पाणी आहे का तुझ्याकडे?

ती : वाढतं की नाही?

तो : वाढतं.

ती : कधी कळलं तुम्हाला?

तो : काल. फोन आल्यावर शोधलं.

ती : काल मी ओट्यापाशी उभी राहून तासभर रडत होते. लेकीला फोन करून तिकीट काढायला लावलं. तुम्ही मागून आलात आणि म्हणालात, गॅस बारीक कर.

तो : भाजी करपत होती.

ती : आत जायचं आणि सगळं सांगायचं.

तो : त्यांच्या फॉर्मवर एक ओळ असते. 'इतर कोणतंही औषध'. चार वेळा मी 'नाही' लिहून खाली सही केलीय. वेधशाळेत एकाने अंथरुणात पडल्या पडल्या तापमान लिहिलं, तर मी त्याची बढती अडवली होती. एक आकडा, एका सकाळचा.

ती : मग आता अब्रूसाठी जीव द्यायचा? बरे व्हाल या आशेवर हे उपचार चाललेत. रोग हाडांत गेला असं धरलं की ते बंद. मग नुसतं दुखू नये एवढंच बघतात. माहितीय ना?

तो : माहितीय.

ती : मग?

तो : सांगितलं की शोधतील. पुड्या बंद, पुन्हा रक्त, पुन्हा स्कॅन. आणि एवढं करून तो डाग रोगाचाच निघाला तर? आत्ता निदान मला म्हणता येतं, पुड्यांमुळे असेल.

ती : आणि कालपासून मला काय म्हणता येत होतं?

तो : ते माझ्या लक्षात आलं नाही.

ती : पस्तीस वर्षं निरीक्षण हाच तुमचा धंदा.

तो : चौदा लागला.

ती : उठा.

डॉक्टर : या, बसा. काल यांच्याशी फोनवर बोलणं झालंच आहे. आधी नेहमीचा प्रश्न, मग पुढचं. इतर काही औषध, काढा, गोळ्या?

(तो पिशवीतून गठ्ठे काढून टेबलावर ओळीने मांडतो.)

डॉक्टर : या सगळ्या साठ हजार युनिटच्या? तुम्ही घेतल्यात?

तो : एकाहत्तर. शेवटची परवा. काल ऊन होतं.

डॉक्टर : फॉर्मवर चारही वेळा 'नाही' आहे.

तो : ते खोटं आहे. पण खोडून टाकू नका. वरून एक रेघ मारा, शेजारी खरं लिहा. मी आजच्या तारखेने सही करतो.

ती : म्हणजे आता हाडांत नाही ना?

डॉक्टर : तसं मी म्हणणार नाही. आहे, असंही आता म्हणणार नाही. आज यांना दाखल करू, सलाईनवर कॅल्शियम खाली आणू. किडनीला धक्का बसलाय का तेही बघावं लागेल. मग त्या डागाचा स्कॅन पुन्हा. दहाबारा दिवस जातील. रिपोर्ट आला की फोन कुणाला करू, यांना की तुम्हाला?

तो : फोन नका करू. आम्ही येतो. दोघांना एकदमच सांगा.