दुबईहून यायला किती दिवस लागतात?

पनवेल स्टँडवर उरणच्या गाडीची वाट बघत उभा होतो. पुढे दोघी कोळणी होत्या, नणंद-भावजय. डोक्यावरून विमान गेलं, तशी नणंद माझ्याकडे वळली.

"दादा, दुबईवरना मुंबईला याला किती दिवस लागतान?"

"दिवस कसले, मावशी? एकोणीसशे किलोमीटर फक्त. तीन-सव्वातीन तास. हे बघा, मोबाईलवर आहे."

"वयनी, ऐकलास? तू तर दोन दिवस बोललेलीस."

"त्यांना काय ठावं? माझ्या कुंदनचा विमान मधी थांबतो."

"माझा भाऊस त्या दिवशी सकाली वारला. पोरगा येईपर्यंत ठेवू, म्हनून आमी धक्क्यावरना बरफ आनायला टेम्पो काढला. तूच आडवी आलीस. दोन दिवस बरफ टिकनार नाय, बोललीस."

"हलू बोल. लोका बघतान."

"बघूं दे! सांजच्याला पोचला असता पोरगा. बापसाला अग्नी दिला असता त्यानी. तू त्याला तोंड पन बघू दिला नाय."

"बाय, पयला फोन त्यालाच केलेला मी."

"मंग?"

"तुमी उरकून घ्या, बोलला. सुट्टी हाय, पन येत नाय, बोलला."

"तवाच का नाय बोललीस?"

"अख्खा कोलीवाडा बरफ घालीत बसला असता, बाय. मी कुनाला काय सांगनार व्हते?"

नणंदेने पदराने तोंड पुसलं. मग पुन्हा माझ्याकडे वळली.

"दादा, मधी थांबनारी बी असतील ना विमाना?"

मी मोबाईल खिशात टाकला.

"असतात, मावशी. दोन दिवससुद्धा लागतात."